जुना टीबी, कांदाचाळ आणि न हटणारा ‘न्यूमोनिया’

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, मधुमेह आहे. आठ वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण केला. आता चार महिने खोकला, वजन उतरतंय, अधूनमधून थुंकीत रक्त. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. थुंकीत टीबी निघाला नाही, तरी पुन्हा टीबीची औषधं सुरू करू म्हणतात. आमची कांद्याची चाळ आहे. बुरशीमुळे असं होतं का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : होतं, आणि वडिलांच्या बाबतीत ही शंका आधी फेडून घ्या. टीबी बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी राहू शकते आणि तिच्यात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते. लक्षणं हुबेहूब टीबीसारखी, म्हणून निदान हुकतं. अँटिबायोटिक बुरशीला मारत नाहीत.

डॉक्टरांना छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजणारी) तपासणी करण्याबद्दल विचारा. थुंकीच्या चिठ्ठीवर ‘बुरशीसाठी केओएच आणि कल्चर’ असं स्पष्ट लिहून घ्या. केओएच म्हणजे थुंकीत बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, कल्चर म्हणजे ती लॅबमध्ये वाढवून पाहणं. नुसतं ‘कल्चर’ लिहिलं तर बहुधा जिवाणूच शोधतात. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका निर्जंतुक डबीत घ्या. लाळ चालत नाही. दोन तासांत लॅबला पोचवा. कल्चर निगेटिव्ह आलं तरी बुरशी नाही असं ठरत नाही, अशा वेळी आयजीजीला वजन जास्त. उलट, रिपोर्टमध्ये कॅन्डिडा ही दुसरी बुरशी आली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा तोंडातली असते.

निदान पक्कं झालं तर सहसा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, किमान सहा महिने. त्याची कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यायची. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. टीबीचं रिफाम्पिसिन तर त्याची रक्तातली पातळी पारच खाली आणतं, म्हणून दोन्ही उपचार अंदाजाने एकदम सुरू करणं धोक्याचं. दुकानातून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध आणून देऊ नका, अ‍ॅस्परजिलसवर ते चालत नाही. पायाला सूज आली, धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवा.

चाळीबद्दल : कांद्यावरची काजळी म्हणजे बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. माणसाला जास्त छळते ती अ‍ॅस्परजिलसचीच दुसरी जात फ्युमिगेटस, सडक्या पाल्यात आणि भिजलेल्या चाऱ्यात वाढणारी. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, रुमालाला दाद देत नाहीत. चाळ फोडणं, सडका कांदा निवडणं ही कामं वडिलांना देऊ नका. इतरांनी एन-९५ मास्क लावावा.

खोकल्यातून कपभर रक्त पडलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.