बेस वाढला की अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो

प्रश्न: सबवूफरचा बेस जोरात आला की गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो, मग आपोआप सुरू होतो. नवा घ्यावा का?

उत्तर: इतक्यात नको. इंजिन चालू ठेवून बेस वाजवा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि इथे ११ च्या खाली असेल, तर वीज वाटेतच अडते आहे. आता एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा अ‍ॅम्प्लिफायरच्या मायनसवर धरा. बेसच्या ठोक्याला अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष अर्थिंगचा, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडली आहे त्या जोडाचा. बहुतेकदा वायरचा लग (टोकाची धातूची कडी) पत्र्याच्या रंगावरच आवळलेला असतो! चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस लावा. फ्यूज होल्डर हाताला गरम लागला तर तोही बदला. मोठा फ्यूज मात्र कधीच घालू नका, वायर पेटते.