पहिलं क्रेडिट कार्ड घेताय? मग ‘किमान रक्कम’ नीट समजून घ्या

बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. नव्या माणसाची नजर लहान आकड्याकडे जाते, आणि घात तिथेच होतो.

समजा २०,००० रुपये थकले. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १२६. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये तुम्ही भरलीत, तर मूळ रकमेतून फक्त १७४ रुपये कमी झाले! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्याचा किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजात. हे सहज नजरेतून सुटतं, म्हणून मी कळकळीने सांगतोय.

ऑटो-पे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय, लावा, पण त्यात ‘एकूण देय’ निवडलंय ना, हे स्वतः तपासा. एटीएममधून या कार्डाने रोख काढू नका. तिथे बहुतेक कार्डांवर बिनव्याजी दिवस नसतात, वर शुल्क वेगळं.

आधीच थकबाकी असेल तर कार्ड वापरणं थांबवा आणि कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज मिळतं का, बँकेत विचारा. हप्ता ठरलेला असतो, शेवट दिसतो.

कार्ड नकोसं झालं तर सगळी बाकी फेडून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात.