पळणं जमेल हो, पण पैसे कसे मागू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी ४३ वर्षांची, डोंबिवलीत राहते. मागच्या वर्षी सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर झाला, आता त्या बऱ्या आहेत. ट्रीटमेंटसाठी परळला खेपा घालताना फुटपाथवर स्टोव्ह मांडून बसलेली माणसं बघितली, बिहार-बंगालकडून आलेली, पेशंट तिथेच चादरीवर झोपलेला. तेव्हापासून डोक्यात आहे की जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ, म्हणजे २१ किमी, पळायची आणि कॅन्सर पेशंटसाठी पैसे जमवायचे. वर्षभर ठाकुर्लीच्या ९० फुटी रोडवर पळतेय, १० किमी आरामात होतात. पण नवरा म्हणतो, एन्ट्री फी नि बुटांचे पैसे सरळ देऊन टाक ना, पळायचं नाटक कशाला? आणि मला लोकांकडे पैसे मागायची भयंकर लाज वाटते. काय करू?

उत्तर: अगं, तुझ्या नवऱ्याचा प्रश्न चुकीचा नाहीये, आधी ते मान्य करूया. एन्ट्री फी भरली म्हणजे दान झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती फी मुख्यतः इव्हेंटसाठी असते, संस्थेसाठी पैसे वेगळे उभे करावे लागतात. पण त्याला एक विचार, तू बुटांचे पाच हजार दिलेस तर पाचच हजार जातील, आणि तू वर्षभर पहाटे उठून पळतेयस हे बघून पन्नास जणांनी पाचपाचशे दिले तर? पळणं हे फक्त मागायला निमित्त आहे, एरवी कोण कुणाला उगाच फोन करून कॅन्सरचा विषय काढतं!

आता लाजेचं. मी पहिल्यांदा पळाले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला, हात जोडलेले इमोजी वगैरे. चाळीस अंगठे आले, देणग्या दोन, त्यातली एक माझ्या सख्ख्या भावाची. मग चिडून एकेकाला नाव घेऊन व्हॉइस नोट पाठवायला लागले, "काका, तुमच्याकडून ५०० हवेत, यासाठी हवेत" असं, आकड्यासकट. आकडा सांगितला की समोरच्याला बरं पडतं, किती द्यावेत हा घोळ राहत नाही. आमच्या दूधवाल्याने काही न विचारता बिलाच्या पाकिटात ५१ रुपये जास्तीचे ठेवले, त्याच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता हे मला तेव्हा कळलं, बारा वर्षं दूध घेऊन. तर "कॅन्सरशी लढा" छाप वाक्यं नकोत, तू तो स्टोव्ह सांग, ती चादर सांग.

आणि पैसे कशाला ते नीट ठरव. तुला राहण्याची अडचण दिसलीय ना, मग तिथेच जा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कितीतरी पेशंट आणि त्यांची माणसं नाममात्र पैशात राहतात. कॅन्सर झालेल्या बाहेरगावच्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड ही संस्था आहे, २००६ पासून, आई-वडिलांसकट मोफत राहायला देतात. औषधोपचाराला मदत करायची तर इंडियन कॅन्सर सोसायटी आहे १९५१ पासूनची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे १९६९ पासूनची. एकदा स्वतः जाऊन बघ, मग मागताना तोंडात आपोआप शब्द येतात.

मुंबई मॅरेथॉनचं देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई बघते, नोंदणी केलेल्या संस्थांमधून निवडायचं आणि देणग्या गोळा करायला आपलं ऑनलाइन पेज काढायचं. पैसे थेट संस्थेकडे जाऊ देत, तुझ्या गुगल पे वर बिलकुल घेऊ नकोस, नंतर नातेवाईकांत हिशेब निघतात!! पावतीला पॅन नंबर लागतो आणि देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत (८० जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते, रोख २,००० च्या वर दिले तर तीही नाही, हे आधीच सांगून टाक.

पळण्याचं तुझं होईल. १० वरून २१ ला जाताना आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढव, रविवारी एक लांब रन, आणि डोंबिवलीत फ्लायओव्हर गाठून चढाचा सराव कर, कारण हाजीअली मागे पडलं की पेडर रोडचा चढ येतो आणि तिथे भले भले चालायला लागतात.

प्रश्न: माझी केमो संपून दीड वर्ष झालं, मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन केली तर चालेल का? — सातारा

उत्तर: आधी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा, माझ्या होकाराला काही अर्थ नाही. बाकी ड्रीम रन साधारण ६ किमीची, टायमिंग नाही, अर्धेअधिक लोक गप्पा मारत चालतात. काही केमोंनंतर तळपाय बधिर राहतात, तसं असेल तर बूट टोचतोय हे कळतच नाही, त्यामुळे नवे बूट त्या दिवशी घालू नका आणि घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघा, फोड आलेत का ते.