बॉट लायब्ररीतला मेसेज लूप डॉक्युमेंटेशनमध्ये किती खोलात समजवावा?

फोंड्यातल्या कॉलेजच्या मुलांसाठी तुम्ही टेलिग्राम बॉटची छोटी पायथन लायब्ररी लिहिलीय आणि ‘मेसेज घे, उत्तर दे’ हा लूप किती समजवायचा, असं विचारताय.

आधी चालणारं उदाहरण द्या. आलेला मेसेज तसाच परत पाठवणारा बॉट नको, कंटाळा आलाय त्याचा. रायबंदर-चोडण फेरीबोटीची वेळ सांगणारा घ्या.

मग सगळी जागा ऑफसेटला, म्हणजे ‘या क्रमांकापासून पुढचे मेसेज दे’ असं टेलिग्रामला सांगणाऱ्या आकड्याला द्या, कारण नवशिके अडकतात ते तिथेच. शेवटच्या अपडेट आयडीपेक्षा (टेलिग्राम प्रत्येक मेसेजला देतो तो क्रमांक) एकने मोठा ऑफसेट पुढच्या गेटअपडेट्सला (नवे मेसेज मागणारी विनंती) दिला नाही, तर टेलिग्राम तेच मेसेज पुन्हा देतो आणि बॉट एकाच माणसाला फेरीची वेळ सांगत सुटतो. लायब्ररी हे आपोआप करत असेल तरी लिहा. ऑफसेट हँडलरच्या (मेसेजला उत्तर देणारं फंक्शन) आधी सरकतो की नंतर, तेही लिहा: आधी सरकवून टेलिग्रामला कळवला आणि मग हँडलर कोसळला, तर तो मेसेज गेला, नंतर सरकवला तर तोच दोनदा येऊ शकतो. मला दुसरं परवडतं.

गेटअपडेट्सचा टाइमआउट, म्हणजे नव्या मेसेजसाठी सर्व्हरने किती सेकंद थांबायचं तो आकडा, मुळात 0 असतो; म्हणजे नवा मेसेज नसेल तर सर्व्हर लगेच रिकामं उत्तर देतो. उदाहरणात 30 सेकंद ठेवा, पण एचटीटीपी क्लायंटचा (तुमच्या बाजूने विनंती पाठवणारा कोड) टाइमआउट त्याहून जास्त हवा. पावसात वीज गेली तर? न घेतलेले मेसेज टेलिग्राम 24 तासांपर्यंतच ठेवतो. आणि वेबहुक (टेलिग्रामने मेसेज स्वतःहून तुमच्या पत्त्यावर पाठवण्याची सोय) लावलेला असताना गेटअपडेट्स चालत नाही, एवढी एक ओळ पुरे.