वाचकांचे प्रश्न : ‘लुह्या’ हे समाजाचं नाव की भाषेचं?

प्रश्न : आमच्याकडे केनियाचे दोन विद्यार्थी पेइंग गेस्ट आहेत. फॉर्मवर दोघांनीही समाज ‘लुह्या’ लिहिला आहे, पण आपसात बोलतात ते इंग्रजीत नाहीतर स्वाहिलीत. घरची भाषा बोलायला लाजतात का?
— एक घरमालकीण, फतेगंज

उत्तर : लाज नसावी. दोघांच्या घरच्या भाषाच बहुधा वेगळ्या असतील. ‘लुह्या’ या नावाखाली पश्चिम केनियातले सोळा ते अठरा समूह मोडतात : बुकुसू, मारागोली, वांगा, मरामा, किसा, त्सोत्सो, कब्रास, इसुखा, इदाखो, तिरिकी, न्योरे, सामिया, खायो, मराची, न्याला, ताचोनी वगैरे. आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. 2019 च्या जनगणनेत लुह्या 68,23,842 होते. किकुयूंच्या खालोखाल देशात दुसरे.

बुकुसू लोक उत्तरेला, एल्गन पर्वताच्या बाजूला बुंगोमा काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा). मारागोली दक्षिणेला, किसुमू शहराजवळच्या व्हिहिगा काउंटीत. मधे काकामेगाच्या पट्ट्यात वांगा, मरामा, किसा, त्सोत्सो. या मधल्यांचं एकमेकांत सहज जमतं. दोन टोकांना अडतं. ‘माणूस-माणसं’ घ्या. वांगा : ओमुन्डू, अबान्डू. मारागोली : मुन्डू, वान्डू. बुकुसू : ओमून्डू, बाबान्डू. पाण्याला वांगा अमात्सी, मारागोली अमाझी, बुकुसू कामेची. कागदावर हे शब्द सख्खी भावंडं दिसतात, पण भरभर बोलताना सूर, उच्चार आणि उपसर्ग सगळंच हलतं.

नंदुरबारची अहिराणी बोलणारा आणि सावंतवाडीची मालवणी बोलणारा इथे बडोद्यात दांडिया बाजारात भेटले तर काय करतील? शाळेतल्या मराठीवर येतील. तुमच्या पाहुण्यांकडे तशी ‘शाळेतली लुह्या’ नाही, म्हणून ते स्वाहिलीवर येतात.

प्रश्न : मग प्रमाण लुह्या कुणी घडवलीच नाही का?
— कारेलीबागेतील एक निवृत्त शिक्षक

उत्तर : घडवली, पण चालली नाही. नाव मात्र चाललं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

इंग्रज या प्रदेशाला ‘नॉर्थ कॅव्हिरोंडो’ म्हणत. लोक स्वतःला बुकुसू, मारागोली, किंवा नुसतं कुळाच्या नावाने ओळखत. 1931 च्या सुमारास काकामेगात सोनं सापडलं आणि जमीन हातची जाण्याची भीती सगळ्यांना एकदमच वाटू लागली. त्यातच इंग्रजांनी वांगांचा राजा नाबोंगो मुमिया याची माणसं इतर समूहांवर मुखिया म्हणून बसवली होती. ते दुखणं जुनंच होतं. सरकारशी भांडायला एक नाव हवं होतं आणि ते वांगांचं नको होतं. 1930 आणि 40 च्या दशकांत ‘अबालुह्या’ हे नाव रुळलं. ओलुह्या म्हणजे कुळातली वडीलधारी मंडळी सकाळी शेकोटीभोवती जमत ती जागा. आपली चावडी आणि शेकोटी एकत्र केली की अर्थ लागतो. एका शेकोटीचे ते अबालुह्या.

भाषेची समिती बसली ती त्यानंतर, 1940 च्या दशकाच्या आरंभी. तिने मधल्या बोलींवर आधारलेलं लेखन सुचवलं, आणि तिथे गाडं अडलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी प्रदेश आपसात वाटून घेतला होता. कैमोसीला क्वेकर, बुटेरेला अँग्लिकन, मुमियासला कॅथलिक. ज्याने त्याने आपापल्या ठाण्याजवळची बोली आपापल्या लिपीसवयीने छापली. मारागोलींकडे वाचायला तयार पुस्तकं होती. जिथे मधले लोक ‘ब’ लिहितात तिथे त्यांचा ‘व’, जिथे मधल्यांचं क्रियापद ‘ओखु-’ने सुरू होतं तिथे त्यांचं ‘कु-’ने. शेजाऱ्याची अक्षरं घेऊन आपली प्रार्थना वाचायला ते तयार झाले नाहीत, आणि बुकुसूही बाजूला राहिले. मारागोली भाषेतलं संपूर्ण बायबल 1951 मध्ये आलं, एकत्रित लुलुह्यातलं (म्हणजे प्रमाण लुह्या भाषेतलं) 1975 मध्ये. तोवर मारागोलींची एक पिढी आपल्या लेखनावर वाढली होती.

प्रश्न : माझं छपाई-अनुवादाचं छोटं काम आहे. एकाने ‘लुह्या भाषेत’ आरोग्याचं पत्रक मागितलं आहे. कुणाकडे द्यावं?
— रावपुरा

उत्तर : होकार देण्याआधी एकच विचारा : पत्रक कुठल्या काउंटीत वाटणार? बुंगोमा म्हणाले तर लुबुकुसू (बुकुसूंची भाषा). व्हिहिगा म्हणाले तर पुढचा प्रश्न विचारा, कारण तिथे लुलोगोली (मारागोलींची भाषा) आहे, तशीच न्योरे आणि तिरिकीही आहेत. काकामेगाच्या मुमियास-बुटेरे भागासाठी मधली लुलुह्या चालते. ‘सगळीकडे’ म्हणाले तर स्वाहिलीच सुचवा. लुह्याच्या नावावर मधली बोली छापली तर बुंगोमात ती नीट वाचली जाणार नाही.

संगणकावरच्या यादीत फसगत होते ती अशी. ‘लुह्या’ला एल-यू-वाय असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, पण तो समूहसंकेत आहे, म्हणजे अनेक बोलींना मिळून एक. बुकुसूचा स्वतंत्र बी-एक्स-के, लोगोलीचा आर-ए-जी. आपल्याकडे कोकणीचा के-ओ-के असाच छत्रीसारखा आहे. कामाच्या फाइलला स्वतंत्र संकेतच लावा.

लिपी रोमन, फॉन्टची अडचण नाही. फक्त ‘ङ’साठी एन-जीच्या पुढे वर अपॉस्ट्रॉफीची खूण देतात; टाइप करताना ती गळली की उच्चार बदलतो. सूर लिहीत नाहीत, त्यामुळे मुद्रितशोधन मनात वाचून करू नका. त्याच बोलीच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा अडखळला की तिथे शब्द शेजारच्या बोलीतून आलाय असं बहुतेक वेळा निघतं.

प्रश्न : ओबामांचे वडील लुह्या होते ना? आणि आडनावावरून समाज ओळखता येतो का?
— सयाजीगंज

उत्तर : नाही, ते लुओ या शेजारच्या समाजाचे होते. नावं कानाला जवळची वाटतात, भाषा मात्र दूरच्या. लुह्या बोली बांटू भाषाकुळातल्या, लुओंची भाषा धोलुओ ही नायलोटिक या वेगळ्या कुळातली. अमात्सी-कामेचीच्या शेजारी धोलुओत पाण्याला ‘पी’ म्हणतात. नातं दिसतच नाही. शेजारचे नांदी वगैरे कालेनजिन आणि तेसोही नायलोटिकच. गुसी मात्र बांटू.

नावावरून अंदाज बांधता येतो. बुकुसूंत मुलगा ‘वा-वे’, मुलगी ‘ना-ने’ : पावसात जन्मलेले वाफुला-नाफुला, सुगीतले वेकेसा-नेकेसा, दुष्काळातले वांजाला-नांजाला. लुओंत ‘ओ’ आणि ‘अ’ : रात्री जन्मलेले ओतिएनो-अतिएनो. कालेनजिनांत ‘किप’ आणि ‘चेप’. पण लुओंच्या सीमेवरच्या सामिया-मराचींत ‘ओ’ची नावं सर्रास आढळतात, म्हणून नावावरून फॉर्म भरू नका.

समाज आणि भाषा दर वेळी जोडीने चालतात असंही नाही. तिरिकींची बोली लुह्या गटातली, पण सुंतेचा विधी आणि वयोगटांची रचना त्यांनी शेजारच्या तेरिक या कालेनजिन समूहाकडून घेतली. व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा आणि म्फांगानो बेटांवरचे सुबा मुळात बांटू. पिढ्यान्‌पिढ्या लुओंत मिसळून त्यांच्यातले बहुतेक धोलुओ बोलू लागले, तरी सुबा ही ओळख शिल्लक आहे. म्हणून फॉर्मवर ‘समाज’ आणि ‘घरी बोलतात ती भाषा’ असे दोन रकाने ठेवा. भारताची जनगणना मातृभाषा विचारते आणि केनियाची समाज, त्यामुळे तिथून आलेला माणूस एकच रकाना दिसला की त्यात समाजच लिहितो.

प्रश्न : आमच्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत नमस्कार कसा करू?
— एक आजी, मांजलपूर

उत्तर : ‘मुलेम्बे’ म्हणा, अर्थ ‘शांती’. बहुतेक लुह्यांना चालतं. मुलगा मारागोली निघाला तर तो ‘मिरेम्बे’ म्हणेल.