मुलांना कूपन वापरून किराण्यात पैसे वाचवायला कसं शिकवावं?

आमचं गाव यवतमाळकडचं. इथे कूपन म्हणजे चहाच्या पुड्यात निघालेली चिठ्ठी, नाहीतर तालुक्याच्या मार्टाने दिलेली. शिकवायला तेवढं पुरतं.

आधी यादी, मग कूपन. यादीत नसलेल्या वस्तूचं कूपन असेल तर ते घरीच ठेवायचं. मुलांना हेच सगळ्यात जड जातं, म्हणून इथे घाई करू नका. मुदतीची तारीख मात्र त्यांनाच वाचू द्या.

खरा धडा हिशेबाचा. १०० ग्रॅमचा पुडा ३० रुपयांना, त्यावर ३ रुपयांचं कूपन: ग्रॅमला २७ पैसे पडले. २५० ग्रॅमचा ६५ रुपयांना, कूपन नाही: २६ पैसे. म्हणजे बिनाकूपनचाच स्वस्त! माझ्या दहा वर्षांच्या पोरीने हे स्वतः काढलं, तेव्हापासून ती प्रत्येक पुडा उलटून पाहते. आता पाकिटांवर एमआरपीजवळ ग्रॅममागची किंमतही छापतात, ती दाखवा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही, हेही सांगा.

वाचलेल्यातले अर्धे पैसे लगेच मुलाच्या हातात द्या. आठवडी बाजारात कूपन चालत नाही, तिथे तुरीच्या डाळीचा भाव चार ठिकाणी त्यालाच विचारू द्या.