मागून धडक बसली की चूक नेहमी मागच्याचीच धरतात का?

तुम्ही लिहिलंय की पुढची गाडी बाजूच्या लेनमधून एकदम तुमच्यापुढे घुसली, लगेच ब्रेक मारला आणि तुम्ही मागून आदळलात. आता समोरचा चालक आणि विमा कंपनी दोघंही म्हणतायत, मागून ठोकलं म्हणजे विषय संपला.

विषय संपत नाही. पण सुरुवात तुमच्या विरोधात होते, हे आधीच सांगते. धडकलेल्या गाड्या तपासून अपघात कसा झाला याचा अहवाल लिहिणं हे माझं काम आहे. 'तो अचानक थांबला हो!' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक मागच्या चालकाकडून ऐकते. बहुतेकदा ते खरं असतं, आणि तरीही एवढ्यावर भागत नाही. कारण नियमच अचानक थांबणाऱ्या गाडीसाठी केलेला आहे. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं तेरावं कलम म्हणतं की पुढचं वाहन एकाएकी हळू झालं किंवा थांबलं तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्या चालकाने ठेवायचं. त्या करारात नसलेल्या देशांतही नियम साधारण असाच आहे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मागच्याची चूक गृहीत धरूनच चौकशी सुरू होते आणि ते गृहीतक खोडून काढायचं काम मागच्याच्या गळ्यात पडतं. पाऊस, धुकं, डोळ्यांवर आलेलं ऊन ही कारणं तर उलटी अंगावर येतात. दिसत नव्हतं तर वेग कमी का केला नाही, असं विचारतात.

मात्र खोडून काढता येतं, आणि तुमच्या बाबतीत तर प्रयत्न करायलाच हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपलेले असतात. कुणी तुमच्यापुढे आठ मीटरवर येऊन घुसला असेल, तर ते अंतर तुम्ही ठरवलेलं नाही, त्याने ठरवलंय. पण पाय उचलून ते अंतर पुन्हा वाढवायला तुम्हाला वेळ मिळाला होता का, यावर सगळं ठरतं. घुसल्यावर अर्ध्या सेकंदात त्याने ब्रेक मारला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. मध्ये पाच-सहा सेकंद गेले असतील आणि तुम्ही तसेच त्याच्या पाठीला चिकटून राहिला असाल, तर धडक तुमच्या खात्यात जाईल, आणि मला तरी ते योग्यच वाटतं.

हे सिद्ध कसं करायचं? डॅशकॅम, म्हणजे गाडीत लावलेला रस्ता टिपणारा कॅमेरा, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर गाडीचा पत्रा बघा. सरळ मागोमाग चालताना धडक बसली तर बंपर बहुधा बराचसा रुंदीभर दबतो. घुसत असतानाच बसली तर मार कोपऱ्यावर आणि तिरका असतो. मागच्याने जोरात ब्रेक दाबला असेल तर त्याच्या गाडीचं नाक खाली झुकतं आणि ओरखडे पुढच्या गाडीच्या बंपरवर नेहमीपेक्षा खाली उमटतात. ब्रेक दाबलाच नसेल तर तेही पत्रा सांगतो. समोरच्याचे ब्रेकलाइट बंद होते अशी शंका असेल आणि तिथे जुना तारेचा बल्ब असेल, तर तो कुणालाही फेकू देऊ नका. पेटलेली, तापलेली तार जोरदार धक्क्याने ताणली जाते आणि थंड तार तशी ताणली जात नाही. एलईडीत हा पुरावा मिळत नाही. नव्या गाड्यांच्या संगणकात धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंदही बरेचदा असते, ती मागवून घ्या.

समोरच्याने मुद्दाम, राग काढायला ब्रेक मारला असेल तर तोही दोषी धरला जाऊ शकतो. त्याच करारात सुरक्षेची गरज नसताना एकाएकी ब्रेक मारू नये असंही कलम आहे. माझे ब्रेकच निकामी झाले, हा बचाव मात्र देखभालीचे कागद असतील तरच पुढे करा.

निकाल पूर्ण तुमचा किंवा पूर्ण त्याचा असेलच असंही नाही. बहुतेक ठिकाणी दोष वाटून देतात. तुमचा ३० टक्के ठरला तर तुमच्या नुकसानभरपाईतून तेवढा हिस्सा कापला जातो. अमेरिकेतल्या मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत मात्र थोडीशी चूक ठरली तरी भरपाई हातची जाऊ शकते. म्हणून तुमच्याकडचा नियम वकिलाला आधी विचारा. आणि कुणाला इजा झाली असेल तर फौजदारी बाजू वेगळी असते, ती भरपाईच्या हिशेबात मिसळू नका.

एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. तीन गाड्या एकामागे एक धडकलेल्या. मधली गाडी चालवणारी मुलगी पुढच्याचं नुकसान भरून द्यायला कबूल झाली होती, कारण तिची गाडी त्याच्यात घुसलेली दिसत होती ना! मी पुढच्या चालकाला एकच विचारलं, धक्के किती बसले? तो जराही न थांबता म्हणाला, 'एकच.' ती आधी स्वतः आदळली असती आणि नंतर तिसऱ्याने तिला ढकललं असतं, तर दोन धक्के बसले असते. ती थांबली होती, तिसऱ्याने तिला पुढे रेटलं होतं. तिच्या मागच्या बाजूचा मार पुढच्यापेक्षा कितीतरी मोठा होता, तो जुळला. दोन्ही गाड्यांचा बोजा तिसऱ्यावर गेला. मी विचारायला दोन दिवस उशीर केला असता, तर तिने सही करून टाकली असती.

म्हणून तुम्हीही कुठल्याच कबुलीवर अजून सही करू नका. खोटंही बोलू नका, घडलं तेवढंच सांगा. गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी चारही बाजूंनी, बंपरला मोजपट्टी लावून फोटो काढा. रस्त्यालगतच्या इमारतींत कॅमेरे असतील तर आजच जा, त्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. आणि तो घुसल्यापासून धडकेपर्यंत किती सेकंद गेले असं तुम्हाला वाटतं, ते आज रात्रीच तारीख घालून लिहून ठेवा.